थकवा कोणाच्या वाट्याला?

आमच्या लहानपणी वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये शेवटचे काही रहाट अजून फिरत होते. पहाटेच्या काळोखात लाकडाची ती करकर ऐकू आली की कोणाच्या तरी वाडीत शिंपण सुरू झाले हे अंथरुणातच कळे. बैल किंवा रेडा गोल गोल फिरे, गाडग्यांची माळ विहिरीतून वर येई आणि पाटाने वाहणारे पाणी केळीच्या व पानवेलीच्या मुळांशी जाई. ऊन चढले की जनावराच्या तोंडाला फेस येई. मग वाडीचा धनी त्याला सोडून सावलीत बांधी. जनावर दमले की विहिरीलाही आपोआप विसावा मिळे, आणि त्या विसाव्याच्या वेळात झऱ्यांचे पाणी पुन्हा चढे.

पुढे विजेचा पंप आला. रहाटामागे ज्यांचे अर्धे आयुष्य गेले होते त्यांना तो देवाचा आशीर्वाद वाटला, आणि तो आशीर्वाद होताही. परंतु पंपाला थकवा येत नाही. तो दिवसभर चालू शकतो, रात्रभर चालू शकतो. त्याने वाड्या भिजवल्या, तसेच पाणी विकणाऱ्यांचे टँकरही भरले. गोडे पाणी जसजसे उपसले गेले तसतसे खारे पाणी जमिनीखालून आत सरकत आले आणि कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले. थकवा नाहीसा झाला नव्हता. बैलाच्या अंगावरून उतरून तो विहिरीच्या तळाशी गेला होता, आणि तेथे तो कोणाला दिसत नव्हता.

ही आठवण येथे सांगण्याचे कारण असे, की आज सर्वत्र एका प्रश्नाची चर्चा चालू आहे. आधुनिक कारखानदारीची विजेची भूक वर्षागणिक वाढत आहे. ती भागवावी कशी? आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे दोन-पंचमांश वीज उद्योगधंदे वापरतात, आणि एकूण विजेचा फार मोठा हिस्सा अजूनही दगडी कोळसा जाळून मिळतो. अभियंते या प्रश्नाचे उत्तर मेगावॅटमध्ये देतात, अर्थशास्त्रज्ञ रुपयांमध्ये देतात. दोन्ही उत्तरे आवश्यक आहेत. परंतु त्यांच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न सदसद्विवेकबुद्धीकडे येतो. यंत्राने आपला थकवा काढून घेतला, तेव्हा तो गेला कोठे? तो कोणाच्या वाट्याला आला?

हा प्रश्न विचारणे म्हणजे विजेला किंवा कारखान्यांना नावे ठेवणे, असा समज कोणी करून घेऊ नये. पंख्याखाली बसून विजेविरुद्ध प्रवचन देणे हा दांभिकपणा होईल. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर झाला होता, त्या दिवसांतील एक प्रसंग आम्हांला आठवतो. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचा लहानसा गाळा होता. प्लॅस्टिकची झाकणे तयार करणारी दोन यंत्रे आणि हाताखाली सहा कामगार, एवढाच संसार. आम्ही सहज भेटीस गेलो, तेव्हा वीज गेलेली होती आणि तो यंत्रासमोर डोक्याला हात लावून बसला होता. "फादर, वीज गेली की काम थांबते एवढेच तुम्हांला दिसते," तो म्हणाला. "पण आत वितळलेला दाणा तसाच गोठतो. वीज आली की आधी तो तापवून काढून टाकायचा, मग पुन्हा साचा बसवायचा. दिवसाची मजुरी त्यातच जाते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही." त्याचे सहाही कामगार बाहेर पायरीवर बसून होते. त्यांतील दोघे उत्तर भारतातून पोट भरण्यासाठी आलेले होते.

त्या दिवशी आम्हांला उमगले, की अशा माणसाला वीज ही चैन नाही, ती भाकर आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र लिहिले, तेव्हापासून ख्रिस्तसभा श्रमिकाच्या हक्कांविषयी बोलत आली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मधील 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या विश्वपत्रात, श्रमातून माणूस स्वतः अधिक माणूस होत जातो, असा विचार मांडला. ज्या गाळ्यात वीज नाही तेथे हा श्रम नाही, आणि श्रम नाही तेथे ती प्रतिष्ठाही नाही. तेव्हा उद्योगाला वीज हवी, पुरेशी हवी आणि परवडेल अशी हवी, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. खरा पेच यानंतर सुरू होतो.

हा पेच आजचा नाही. मुंबईच्या कापडगिरण्या आरंभी कोळशावर चालत आणि त्यांच्या धुराड्यांनी गिरणगावचे आकाश काळवंडून टाकले होते. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याकडील तलावांत साठवलेले पावसाचे पाणी घाट उतरून आले आणि धुराशिवाय गिरण्या चालू लागल्या. ही वीज स्वच्छ होती, स्वदेशी उद्योजकाने निर्माण केलेली होती, गिरणीकामगाराच्या फुप्फुसांनाही हितकर होती. तीच आणखी मिळावी म्हणून पुढे पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात धरणाचे काम सुरू झाले. तेथे पन्नासएक गावांतील मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये त्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. तीन वर्षांनी लढा मोडला, धरण पुरे झाले, खाचरे बुडाली. आज मुळशीचा जलाशय पाहायला हौशी लोक जातात. त्या पाण्याखाली मुंबईच्या गिरण्यांचा थकवा निजला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्वातंत्र्यानंतर कोयनेच्या बाबतीत हेच घडले. १९६० च्या दशकापासून कोयनेच्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने उभे केले, आणि धरणासाठी घरदार सोडलेली कुटुंबे न्याय्य पुनर्वसनासाठी पुढे अनेक दशके अर्ज, मोर्चे आणि ठिय्या आंदोलने करीत राहिली.

मुळशी आणि कोयना आपल्याला दूरच्या वाटतील. पण आपल्याच पालघर जिल्ह्याच्या उत्तरेकडे पाहू या. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. ते भारतातील पहिले. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी, जे २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाले, अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. त्या गावांतील मच्छीमारांना नवी घरे मिळाली, परंतु मच्छीमाराचे घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. दाराशी समुद्र नसेल तर त्याचे जाळे खुंटीलाच राहते.

डहाणूची कथा याहून बोधप्रद आहे. चिकूच्या बागा, आदिवासी पाडे आणि कोळीवाडे यांच्या या तालुक्यात ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभारण्याचे ठरले, तेव्हा स्थानिक नागरिक न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे जाहीर केले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. दरम्यान वीजकेंद्र सुरू झालेलेच होते. तेथील वीज मुंबईच्या उपनगरांकडे जात होती आणि धुराडे मात्र डहाणूत होते.

कोळशात गंधक असते. ते जळले की त्याचा विषारी वायू होतो. हा वायू बाहेर पडण्यापूर्वीच समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारे संयंत्र बसविता येते. ते बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. संयंत्र प्रत्यक्ष सुरू झाले २००७ मध्ये. ही आठ वर्षे कशात गेली? ज्ञान उपलब्ध होते, यंत्र उपलब्ध होते. वाद होता तो ते आवश्यक आहे का याचा, आणि अर्थातच त्याच्या खर्चाचा. शेवटी ते बसले, आणि त्यामुळे मुंबई काही अंधारात बुडाली नाही.

ही गोष्ट येथेच संपती तर बरे झाले असते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशातील सर्व औष्णिक केंद्रांसाठी या गंधकवायूची मर्यादा ठरवून दिली आणि दोन वर्षांची मुदत घातली. ती मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली. जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या मर्यादेतून सूट देण्यात आली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, खर्च अवाढव्य आहे, वीज महाग होईल, अशी कारणे पुढे आली. ती सर्वस्वी खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. तो तज्ज्ञांचा प्रांत आहे. पण सूट कोणाला नाही हे पाहण्यासारखे आहे. राजधानीच्या परिसरातील किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना ही संयंत्रे बसवावीच लागतील. अतिप्रदूषित ठरलेल्या भागांतील केंद्रांचा निर्णय एकेक करून होईल. उरलेल्यांना, म्हणजे मोठ्या शहरांपासून दूर असलेल्यांना, मोकळीक आहे. गर्दी जेथे जास्त तेथे आधी संरक्षण, हा हिशेब आकड्यांच्या दृष्टीने चुकीचा नसेल. परंतु खेड्यातील बालकाचे फुप्फुस शहरातील बालकाच्या फुप्फुसाहून स्वस्त आहे, असे कोणत्या धर्मशास्त्रात लिहिले आहे?

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आक्षेप असा, की लाखो लोकांच्या रोजगारासाठी काही हजारांनी झीज सोसली तर त्यात गैर काय? कुटुंबासाठी थोरला भाऊ शिक्षण सोडतो, आई उपाशी राहते. त्याला आपण त्याग म्हणतो. मग गावाने देशासाठी त्याग का करू नये?

या आक्षेपात सत्याचा अंश आहे. त्यागावाचून समाज चालत नाही, आणि क्रूसाचे चिन्ह करणाऱ्यांना तरी हे वेगळे सांगावयास नको. परंतु त्याग आणि बळी यांत एक फरक आहे. त्याग करणारा स्वतः निर्णय घेतो. बळीच्या बाबतीत निर्णय दुसरेच घेतात. योहानच्या शुभवर्तमानात कयफा हा प्रमुख याजक सभेत युक्तिवाद करतो, की सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा लोकांसाठी एका माणसाने मरणे हिताचे. युक्तिवाद किती व्यवहारी, किती राष्ट्रहिताचा! आणि तो कोणाविरुद्ध वापरला गेला हे आपण प्रत्येक शुभ शुक्रवारी आठवतो. प्रभू येशूने स्वतःचा प्राण स्वेच्छेने दिला, म्हणून तो त्याग ठरला. कयफाने दुसऱ्याचा प्राण देऊ केला. वीजकेंद्रे उभारणाऱ्या अभियंत्यांना आम्ही कयफाच्या रांगेत बसवीत नाही. ते आपापले काम निष्ठेने करतात. मात्र, थोड्यांनी सोसावे म्हणजे पुष्कळांचे भले होईल, हे वाक्य सोसणाऱ्याऐवजी लाभ घेणाऱ्याच्या मुखातून येते तेव्हा ख्रिस्ती माणसाने सावध झाले पाहिजे.

भरपाई दिली म्हणजे प्रश्न मिटला, असेही म्हटले जाते. जुन्या करारातील नाबोथाची कथा आठवावी. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता आणि तो फुकट मागत नव्हता; त्याहून चांगला मळा देईन, नाहीतर रोख किंमत देईन, असे तो म्हणाला. नाबोथाने नकार दिला, कारण ते पूर्वजांचे वतन होते. देवाचा कोप झाला तो राजाने भाजीचा मळा करावयाचे मनात आणले म्हणून नव्हे. नाबोथाच्या नकाराला काही अर्थच नाही, असे राजवाड्याने ठरविले आणि त्याचा जीव घेतला, म्हणून झाला.

वाचकहो, नाबोथाची कथा आपल्याला नवी नाही. १९८८ पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा आपण नाबोथाच्या बाजूला होतो. आमच्या विहिरी उपसून शहरे वसवू नका, आमच्या वाड्या बिल्डरांच्या घशात घालू नका, असे आपण मोर्चे काढून सांगितले. त्या लढ्यात जे सोसले गेले त्याविषयी आम्हांला अभिमान आहे. पण त्याच प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आज वसई-विरारच्या नळांना येणारे पाणी मोठ्या प्रमाणात सूर्या प्रकल्पाचे आहे. ते धरण शेतीच्या सिंचनासाठी बांधले गेले होते, आणि आमच्या वाट्याचे पाणी शहरे नेतात अशी तिकडच्या आदिवासी शेतकऱ्यांची तक्रार आहे. म्हणजे एके काळी विहिरीच्या काठावर उभे राहून टँकरला अडविणारे आपण आज कोणाच्या तरी विहिरीवरचे टँकर झालो आहोत. पाण्याचे जे, तेच विजेचे. आपल्या गाळ्यांतील यंत्रे, आपल्या मंदिरातील दिवे, या ओळी लिहिताना डोक्यावर फिरणारा पंखा, या सर्वांचा थकवा कोठेतरी कोणीतरी वाहत आहे. धनवानाच्या दाराशी लाजरस पडलेला होता. त्या धनवानाने त्याला मारले नव्हते, लुटलेही नव्हते; त्याने फक्त पाहिले नव्हते. विजेच्या तारा एवढ्या लांब असतात, की आपल्या दाराशी पडलेला लाजरस शेकडो किलोमीटरवर असतो. न पाहणे त्यामुळे फार सोपे झाले आहे.

मग करावे काय? शब्बाथाच्या आज्ञेकडे आपण बहुधा केवळ उपासनेची आज्ञा म्हणून पाहतो. परंतु निर्गमाच्या ग्रंथात ती विश्रांती दासाला, परक्याला, बैलाला आणि गाढवालाही आहे. आणि सातव्या वर्षी ती जमिनीलाही आहे. या आज्ञेचा गाभा असा, की बलवानाने आपल्या मागणीला स्वतः मर्यादा घालावी. रहाटाच्या काळात ती मर्यादा बैलाच्या दमण्यात होती. यंत्र दमत नाही, म्हणून ती मर्यादा आता माणसाच्या विवेकात असावी लागेल. ती तेथे नसेल तर कोठेच नसेल.

व्यवहारात याचे तीन अर्थ आम्हांला दिसतात. पहिला, वाया जाणारी वीज वाचविणे. पुनःपुन्हा गुंडाळलेली जुनी मोटार, गरजेपेक्षा मोठी बसविलेली मोटार, हवा गळणारी कॉम्प्रेसरची नळी, यांतून गाळ्यागाळ्यात वीज वाया जाते. ज्याने किंमत मोजली नाही त्याला ती गळती दिसत नाही. दुसरा, आपल्या छपरांचा उपयोग करणे. आपल्या औद्योगिक वसाहतींवर, शाळांवर, मंदिरांवर ऊन वर्षातील आठ महिने नुसते सांडत असते. व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छतावर २००८ मध्येच सौर तावदाने बसली. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'फ्रातेल्लो सोले', म्हणजे 'बंधू सूर्य', या पत्राने रोमजवळच्या व्हॅटिकनच्या जमिनीवर सौरप्रकल्प उभारण्यास सांगितले, तेही शेती आणि वीज एकाच भूमीवर नांदतील अशा पद्धतीने. मात्र मुळशीचा धडा येथेही विसरू नये. गिरण्यांना मिळालेली ती वीजही स्वच्छ होती. सौर आणि पवन ऊर्जेसाठी माळराने आणि गायराने घेतली जातील, तेव्हा तेथील मेंढपाळाचा नकार ऐकला जातो की नाही, हेही विचारावे लागेल. आणि केवळ छपरांवर मोठे कारखाने चालणार नाहीत, हेही खरे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील 'लाउदातो सी' या विश्वपत्रात कोळसा-तेलाचा वापर विनाविलंब टप्प्याटप्प्याने थांबविण्यास सांगितले; तोवर कमी अनर्थाचा मार्ग निवडणे भाग पडेल, हेही त्यांनी मान्य केले.

तिसरा अर्थ सर्वांत कठीण आहे: विजेची खरी किंमत देण्याची तयारी. गंधक धुणारे संयंत्र, विस्थापितांची घरे, राखेची नीट विल्हेवाट, हे सर्व विजेच्या दरात आले तर बिल वाढेल. ते न आल्यामुळे वीज स्वस्त असेल, तर ती फरकाची रक्कम डहाणूचा बागायतदार, कोयनेचा विस्थापित आणि खाणीशेजारचा आदिवासी आपल्या खिशातून भरतो आहे. आपण त्याचे ऋणी आहोत आणि त्याला ते ऋण नोंदविण्याची वहीसुद्धा मिळालेली नाही. गरिबाच्या घरातील एका दिव्यावर हा भार पडू नये, याची सोय सरकारने करावी. पण ज्यांना परवडते त्यांनी, त्यांत आमच्यासारख्या संस्था चालविणाऱ्यांनीही, स्वस्त विजेची मागणी करण्यापूर्वी ती कोणाच्या जिवावर स्वस्त आहे हे विचारावे.

गेल्या वर्षी तो गाळ्यातील तरुण, जो आता तरुण राहिलेला नाही, मिस्सानंतर भेटला. त्याने छपरावर सौर तावदाने बसविली आहेत. यंत्रे त्यांवर पूर्णपणे चालत नाहीत, पण दिवसाच्या विजेचा काही भाग तेथून येतो. आम्ही त्याला हा सारा विचार ऐकवला आणि विचारले, "अरे, वीज थोडी महाग झाली, पण त्यामुळे डहाणूकडच्या माणसाला न्याय मिळाला, तर तुला चालेल का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, मी एकट्याने महाग घेतली तर शेजारचा गाळेवाला माझे गिऱ्हाईक नेईल. सर्वांना एकच नियम लावा, मग मी देईन." त्याच्या उत्तरात आम्हांला पळवाट दिसली नाही. सद्‌गुण एकेकट्याने पाळणे जड जाते, म्हणून तर कायदा लागतो. आणि तसा कायदा व्हावा असे मागणारे लोक असल्याशिवाय तो होत नाही.

जाता जाता त्याने आम्हांलाही एक प्रश्न विचारला: "आणि आपल्या चर्चचे विजेचे बिल किती येते, फादर?" आम्हांला आकडा सांगता आला नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून बिलांची फाईल मागविली आणि धर्मग्राम परिषदेच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय पहिला घातला.